पैलगावला माल नेताना

प्रवासाला निघताना लोक चपला घालतात. मी काढल्या. घणसोली गावात, प्रथमेशच्या घराच्या पायरीपाशी. मग जिना चढून वरच्या खोलीत गेलो आणि पुढचा सगळा प्रवास खुर्चीत बसून केला. तरी याला प्रवासवर्णनच म्हणावं असं मला वाटतं. मी लांब गेलो होतो, वाटेत माणसं भेटली, खाणंपिणं झालं, जीव मुठीत धरावा लागला. आता कोपरखैरण्याच्या आमच्या खोलीत बसून ते लिहितो आहे. तिकडे न गेलेल्यांसाठी लिहितोय, म्हणून थोडं सुरुवातीपासून सांगतो.

हा अंतराळातला ऑनलाइन खेळ आहे. प्रत्येकाचं एक जहाज असतं. एका ताऱ्याच्या मुलखातून दुसऱ्या मुलखात जायला मोठमोठ्या कमानी असतात, त्यातून उडी मारायची. बरेच लोक तिथे लढाया करतात. आम्ही माल वाहतो. आमच्या गटाचं नाव ‘खाडीवाले’. सगळे नवी मुंबईचेच. गटाची प्रमुख मेघनाताई. ती महापेच्या एका ऑफिसात नोकरी करते, आणि आम्ही तिला फक्त हेडफोनमधून ओळखतो.

गटाने पावसाळाभर खनिज आणि यंत्रांचे भाग जमवले होते. ते दूरच्या पैलगावला पोहोचवायचे, म्हणजे तिथे आमचं स्वतःचं स्थानक उभं राहणार. सगळा माल एकाच मोठ्या जहाजात भरला होता. या खेळात चोरीला गेलेलं परत मिळत नाही. कोणाकडे तक्रार नाही, भरपाई नाही. माल गेला की सगळ्यांचा पावसाळा गेला.

ते मोठं जहाज मला हवं होतं. माल वाहायचे सगळे नियम मी वाचून, चुका करून शिकलो होतो. पण ताई म्हणाली, “मोठं जहाज प्रथमेशकडे. त्याचं नेट भरवशाचं आहे. सुशांत, तू पुढे जाऊन रस्ता बघ.”

माझ्या भरवशाबद्दल ती काही बोलली नाही.

पहिला दिवस : बाजार

दिवाळीच्या सुट्टीतली दुपार होती. प्रथमेश माझ्याच वर्गात आहे. त्यांची जमीन होती तिथे आता टॉवर आहेत, आणि गावातल्या घराचे खालचे दोन मजले भाड्याने दिलेले आहेत. त्याच्या खोलीत दोन कॉम्प्युटर. नवीन त्याचा, जुना माझ्यासाठी. जुन्याचा पंखा गुरगुरतो, पण आमच्या घरी तोही नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. वडील तुर्भ्याच्या कारखान्यात आहेत. मी रोज घणसोलीला जातो ते अभ्यासाला असं त्यांना वाटतं, आणि अर्धा वेळ ते खरंही असतं.

प्रथमेशची खुर्ची मागे झुकते. मी ती एकदा, तो खोलीत नसताना, झुकवून पाहिली आहे.

आम्ही निघालो ते बाजारातून. खेळात त्याचं नाव वेगळं आहे, आम्ही बाजार म्हणतो. एका निळ्या ग्रहाभोवती स्थानकांची माळ आहे, आणि त्यांच्यामधून जहाजं अशी सरकतात की कोण कुठून आलं ते कळत नाही. इथे पहारेकऱ्यांची जहाजं फिरतात, त्यामुळे चोर नुसते बघतात. बघतात मात्र नीट. त्यांच्याकडे झोतयंत्र असतं. तुमच्या जहाजावर एक निळी रेघ फिरते आणि पोटात काय आहे ते त्यांना दिसतं.

यावर उपाय असा की माल बंद पेट्यांत भरायचा. मग झोताला फक्त ‘पेटी’ एवढंच दिसतं. दुसरा नियम, जहाज कधीच आपोआप चालू सोडून उठायचं नाही. आपोआप चालणारं जहाज कमानीपासून जरा लांब थांबतं आणि मग हळूहळू सरकतं. त्या सरकण्यातच लोक मरतात. आणि तिसरा, कुठे चाललोय ते कोणाला सांगायचं नाही.

हा तिसरा नियम मला घरातलाच वाटला. आमच्याकडेही निघालेल्या माणसाला ‘कुठे’ विचारलेलं चालत नाही. फक्त आमच्याकडे अपशकुन होतो, तिकडे जहाज फुटतं.

मी छोट्या जहाजातून एक कमान पुढे राहायचो. पलीकडे कोणी नसलं की म्हणायचो, “मोकळं.” मग मागून प्रथमेश यायचा. माझं काम त्या एका शब्दाचं. त्याचं काम बोलण्याचं.

“ताई, आत्ता एक ग्रह दिसला, सेम आमच्या काकासारखा. मधोमध टक्कल आणि बाजूने ढग.”

ताई हसली. हेडफोनमधले बाकीचेही हसले. मी तो ग्रह त्याच्या आधी पाहिला होता. टक्कल मलाही दिसलं होतं. मी “मोकळं” एवढंच म्हणालो होतो.

मधेच त्याची आई वर आली. हातात ताट, तांदळाच्या भाकऱ्या आणि बोंबलाचं कालवण.

“जेवन झालाय का रं?” तिने मला विचारलं.

“हो काकी, घरून जेवून आलोय.”

“खोटा बोलतंय. तोंड बघ कसा सुकलाय. घे, आपलाच घर हाय.”

आमच्याकडे ज्वारीची भाकरी. ती चावावी लागते. तांदळाची भाकरी तोंडात गेली की आपोआप विरघळते, म्हणजे या घरात खायलाही कष्ट नाहीत असं माझ्या मनात आलं. काकींनी मला मोठा तुकडा वाढला होता. तरी मी प्रथमेशच्या ताटातला तुकडा बघत होतो.

दुसरा दिवस : नाका

नाक्यापर्यंत पहारेकरी असतात. त्याच्या कमानीपलीकडे कायदा नाही. हा मुलूख फार देखणा आहे, हे मात्र सांगायला हवं. कमानीमागे तांबूस धुकं पसरलेलं, आणि त्यात लांब कुठेतरी मधूनच वीज चमकते. आवाज येत नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी हात कीबोर्डवरून उचलून नुसता बघत राहिलो होतो.

इथे आमच्या गटाची एक प्रथा आहे. मोठ्या जहाजाने कमानीसमोर थांबायचं, एक छोटी पेटी बाहेर सोडायची आणि मग उडी मारायची. पेटीत साधं धान्य असतं. याला आम्ही नारळ वाढवणं म्हणतो. प्रथा प्रथमेशने सुरू केली. नारळी पौर्णिमेला त्यांच्या घरातले सगळे खाडीवर नारळ घेऊन जातात. पलीकडे जाताना दर्याला काहीतरी द्यायचं, असं त्याने पहिल्या सफरीच्या वेळी सांगितलं आणि सगळ्यांना ते इतकं आवडलं की त्यानंतर कोणी पेटी सोडल्याशिवाय गेलं नाही.

मलाही आवडलं होतं. म्हणूनच जास्त लागलं. आमचं गाव साताऱ्याकडे. निघताना आम्ही हातावर दही ठेवतो. अंतराळात दही कुठे ठेवणार?

त्या दुपारी पेटी सोडायची वेळ आली तेव्हा मी विचारलं, “प्रथमेश, पेटीवर आपल्या गटाचं नाव दिसतं ना? सगळ्यांनाच दिसतं?”

“मग? देवाला कळायला नको कोणी दिलं?”

हेडफोनमध्ये सगळे हसले.

“तसं नाही. म्हणजे... रिकाम्या जहाजाने आपण कधी नारळ वाढवत नाही. भरलेलं असलं तरच.”

“सुशांत,” ताई म्हणाली, “प्रथमेशचं काही असलं की तुला त्यात काहीतरी दिसतंच का रे?”

ती रागावून नाही बोलली. चेष्टेनेच म्हणाली. पण मलाही तोच प्रश्न पडला होता. मला खरंच धोका दिसत होता, की ती प्रथा त्याची आहे एवढंच दिसत होतं? मी प्रामाणिकपणे शोधलं. दोन्ही एकाच जागी सापडलं. कुठलं आधीचं ते कळेना. आणि माझं बोलणं मलाच खरं वाटत नसेल तर इतरांना कसं पटवू, म्हणून मी पुढची कमान ओलांडली आणि “मोकळं” म्हणालो.

मागे प्रथमेशने पेटी सोडली. मी मान वळवून त्याच्या पडद्याकडे बघत होतो. धुक्यातून एक बारीक काळं जहाज आलं, पेटी उचलली आणि क्षणभर थांबलं. मग आमच्या मोठ्या जहाजावर निळी रेघ फिरली.

“प्रसाद घेतला बघ कोणीतरी,” प्रथमेश म्हणाला.

या वेळी हसायला त्याला एकट्यालाच सुरुवात करावी लागली.

काळं जहाज काही न करता निघून गेलं. एकट्या चोराला इतकं मोठं जहाज फोडता येत नाही. तो साथीदार आणायला गेला असणार, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. आम्ही घाईघाईने पुढच्या स्थानकात शिरलो. त्याला अर्धवाट म्हणतात. स्थानकाच्या आत कोणी हात लावू शकत नाही. पण खिडकीतून बाहेर पाहिलं तर काळं जहाज दारासमोर तरंगत होतं, आणि आता त्याच्याबरोबर आणखीही होती.

प्रथमेशने हेडफोन काढून मांडीवर ठेवला. “सुश्या, वाट लागली ना रे?”

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, मालाचं वाटलं. पण त्याच्या आधी एक छोटीशी थंड झुळूक आल्यासारखं झालं. त्याचा चेहरा उतरलेला मी पहिल्यांदाच बघत होतो.

ती झुळूक फार टिकली नाही. घरी चालत जाताना मला त्या जहाजातली माझी खनिजं आठवली, परीक्षेच्या आदल्या आठवड्यातसुद्धा जाऊन खणलेली. आणि घरी पोहोचेपर्यंत एक युक्ती सुचली होती.

तिसरा दिवस : अर्धवाट

अर्धवाटेहून दोन कमानी निघतात. एक सरळ पैलगावकडे. दुसरी उलट बाजूला, पिवळ्या कड्याकडे. आमच्या गटाचं एक जुनं मालवाहू जहाज अर्धवाटेला पडून होतं, मोठ्या जहाजाच्याच जातीचं. लांबून फरक कळत नाही.

“मी जुनं घेऊन आधी निघतो,” मी हेडफोनमध्ये सांगितलं. “पेट्या भरतो, आत कचरा. झोताला फक्त पेट्या दिसतील. पिवळ्या कड्याच्या कमानीसमोर मी नारळ वाढवतो. ते माझ्या मागे येतील. मग प्रथमेशने सरळ जायचं. पण त्याने नारळ वाढवायचा नाही.”

“आणि तुझं काय?” ताईने विचारलं.

“माझं जहाज फुटेल. जुनंच आहे.”

खरं म्हणजे याहून चांगलं एक वाक्य मी वाटेत तयार केलं होतं. प्रथमेशने जुनं जहाज घ्यावं, मोठं मी नेतो. पण मोठं जहाज त्याच्या नावावर होतं, आणि नाव बदलायचं तर बाजारातच बदलता येतं. ते वाक्य मी कोणाला सांगितलं नाही. रात्रीपासून ते माझ्याजवळ होतं, मी तपासून पाहिलं होतं, त्या एका नावाखेरीज त्याला कुठे फट नव्हती.

अडला तो प्रथमेश. “न वाढवता जायचं? भावा, आजपर्यंत एकदा पण तसा गेलो नाय.”

काकी पाण्याची बाटली ठेवायला आल्या होत्या. त्यांना वाटलं, आम्ही खऱ्या नारळाबद्दल बोलतोय.

“दर्याला वर्षातना एकदा देतात,” त्या म्हणाल्या. “तुमी रोज देता काय? एवढं नारल आनता कुठशी?”

प्रथमेश हसला आणि तयार झाला. मला वाटलं, माझ्या आईने एका वाक्यात माझी अशी सुटका कधी केली असती का? तिला या सगळ्यातलं काय सांगू, इथपासून माझी अडचण.

पिवळं कडं

मी स्थानकाबाहेर पडलो. काळी जहाजं हलली नाहीत. मी मुद्दाम हळू गेलो, भरलेलं जहाज जातं तसं. कमानीसमोर थांबलो, पेटी सोडली. माझ्या आयुष्यातला पहिला नारळ. आजवर कधी माझ्या हातात मोठं जहाज आलंच नव्हतं.

मागे वळून पाहिलं तर सगळी काळी जहाजं माझ्याकडे निघाली होती.

उडी मारली. पलीकडे एक प्रचंड ग्रह, त्याभोवती हळदीच्या रंगाचं रुंद कडं. जवळ गेलं की दिसतं, ते कडं नाही, लाखो दगड आहेत आणि प्रत्येक दगडाला स्वतःची सावली आहे. मी दगडांच्या कडेकडेने पळालो. पळणं म्हणजे काय, बैल दमल्यावर चालतो तसं ते जहाज. आजूबाजूने लाल रेघा यायला लागल्या.

“अर्धवाट मोकळं,” शेजारून प्रथमेश हळू म्हणाला. माझा शब्द. “निघतोय मी.”

जहाज फुटलं. आधी सगळा पडदा पांढरा झाला, मग त्यात पेट्या तरंगताना दिसल्या, उघड्या, कचऱ्याने भरलेल्या. जहाज गेलं की माणूस एका छोट्या कुपीत उरतो. मी कुपीत होतो. समोर काळं जहाज थांबलं होतं. खालच्या चौकटीत अक्षरं उमटली. मराठी.

‘कचरा भरून फिरतोस होय रे?’

मी काही लिहिलं नाही. बोलायचं नसतं.

‘पेटीवर खाडीवाले वाचलं, म्हटलं हा नारळच, आपलीच माणसं. मी जासईचा. आमच्याकडे पण खाडीवर वाढवतात. इथल्या दुसऱ्या कोणाला ते कळलंच नसतं.’

प्रथमेशला अजून एक कमान बाकी होती. हा वळला असता तर गाठू शकला असता. मी बोटं कीबोर्डवर ठेवली.

‘मग चोरी कशाला करता आपल्याच माणसांची?’

‘परक्यांची पण करतो. भेदभाव नाय.’ मग थोडं थांबून, ‘मोठं जहाज दुसरीकडून गेलं ना?’

मी लिहिलं, ‘कुठलं मोठं?’

‘हाहाहा. डोकं चालवलंस पण. कोणाची आयडिया?’

मी शेजारी पाहिलं. प्रथमेश पडद्याला नाक लावून बसला होता. हेडफोनमध्ये ताई त्यालाच विचारत होती, “कुठे पोहोचलास, कोणी दिसतंय का?” आयडिया कोणाची, हे आज कोणी विचारलं नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं, म्हणून विचारलं नसेल.

‘माझी,’ मी लिहिलं.

‘नाव काय तुझं?’

‘सुशांत.’

‘आमच्यात ये सुशांत. काल छोट्या जहाजातून पुढे तूच होतास ना? मोठं जहाज देतो. पुढे बघायला दुसरा ठेवू.’

मी ते वाक्य पुन्हा वाचलं. पाठीमागे दगडांचं पिवळं कडं अगदी सावकाश फिरत होतं. असं मला कोणी, खेळात काय नि बाहेर काय, कधीच म्हटलं नव्हतं. उत्तर द्यायला मी फार वेळ घेतला. त्यातला थोडा वेळ प्रथमेशसाठी होता. सगळा नव्हता.

“पोचलो!” शेजारी प्रथमेश ओरडला. “सुश्या, पैलगाव! पोचलो रे!”

मी जासईच्या माणसाला ‘नको’ एवढंच लिहिलं. तो म्हणाला, ‘बघ, विचार कर.’ माझी कुपी न फोडता तो निघून गेला.

पैलगाव

पैलगावला मी अजून माझ्या जहाजाने गेलेलो नाही. जे सांगतोय ते प्रथमेशच्या पडद्यावरचं आहे. नारिंगी सूर्य, मावळतीला असतो तसा, पण तो मावळत नाही. त्याच्यापुढे आमच्या स्थानकाचा सांगाडा, नुसत्या पट्ट्या आणि कमानी, आणि मधोमध माल उतरवायच्या जागी दिव्यांची एक रांग.

प्रथमेश खुर्चीतून उठला. त्याने माझा हेडफोन उतरवून स्वतःचा माझ्या डोक्यावर घातला. “बस. तूच उतरव. अर्धं श्रेय तुझं आहे. मी आईला सांगून येतो.” आणि तो जिन्यावरून धडधडत खाली गेला.

अर्धं, असं माझ्या मनात आलं. तो माझ्या जागी असता तर त्याला असं काही सुचलंच नसतं. ‘सगळं तुझंच’ म्हणून तो मोकळा झाला असता. त्याचा हा चांगुलपणाही मला हवा होता, आणि तो खुर्चीबरोबर मिळत नाही.

खुर्ची गरम होती. मी जहाज दिव्यांच्या रांगेवर आणलं. ते केवढं मोठं आहे आणि किती हलक्या हाताने वळतं, ते मला पहिल्यांदा कळलं. धक्का न लागता टेकवलं. माल उतरवायचं बटण दाबलं. एकेक पेटी बाहेर गेली, माझं खनिजही त्यात असणार. शेवटची गेली तेव्हा पडद्यावर गटाचं नाव हिरवं झालं.

हेडफोनमध्ये एकच गलका उठला. खाडीवाले सगळे एकदम ओरडत होते. कोणी शिट्ट्या मारत होतं, कोणाच्या घरातलं कुत्रं भुंकत होतं. “प्रथमेश! प्रथमेश!”

“काय सफाईने लावलंस रे,” ताई म्हणाली. “एक ओरखडा नाही. बोल ना काहीतरी!”

माइक माझ्या ओठांपाशी होता. तोंड उघडलं असतं तर आवाजावरून लगेच ओळखलं असतं तिने. खालून काकींचं हसणं ऐकू येत होतं, आणि प्रथमेशचं, “अगं आई, खराखुरा नाय, खेळातला.”

मी माइक वर सरकवला. खुर्ची मागे झुकवली आणि गलका पूर्ण संपेपर्यंत ऐकत राहिलो.